नानांच्या वह्या कुणाला वाचता येतील का? (ट्रक, गॅरेज, द्वारका, आडगाव नाका)

वहीवाला

नमस्कार मंडळी, गेली सात-आठ वर्षं नुसता वाचतोय, धागा पहिल्यांदाच काढतोय, चुकलं तर सांभाळून घ्या.

आमचे वडील, नाना, मागच्या वर्षी वैशाखात गेले. आता वर्षश्राद्ध तोंडावर आलंय आणि घरच्यांपुरतं का होईना त्यांच्याबद्दल चार पानं लिहून छापावी असं डोक्यात आहे. लिहायला बसलो आणि कळलं की मला त्यांच्या कामातलं काहीच माहीत नाही. मला ते दिसले ते रात्री नऊनंतर मोरीत हात घासताना. आधी रॉकेल, मग लाकडाचा भुसा, मग निरमा, आणि तरी नखांच्या कडेला काळी रेघ राहायचीच. माझ्या लग्नाच्या फोटोतसुद्धा ती दिसते.

थोडक्यात माहिती देतो. मूळ गाव निफाड तालुक्यात. बहात्तरच्या दुष्काळात शाळा सुटली ती सुटलीच, चौदाव्या वर्षी नाशकात गॅरेजात पाने पुसायला लागले. १९८४ ला पहिली गाडी घेतली, सेकंडहँड टाटा १२१०, तीसुद्धा इंजिन उतरवून ठेवलेली, कारण चालू इंजिनाची परवडत नव्हती. दिवसा दुसऱ्याचं गॅरेज आणि रात्री बल्ब लावून स्वतःची गाडी, असं सात महिने. पुढे सात गाड्या झाल्या. गॅरेज आधी द्वारकेला, मग आडगाव नाक्याच्या पुढे. मालक झाले तरी गाडीखाली स्वतःच जायचे. कुणी शेठ म्हटलं की यांना आवडायचं नाही आणि मिस्त्री म्हटलं की आजी चिडायची.

तर मुद्दा. पत्र्याच्या पेटीत २३ वह्या सापडल्यात, किराणा दुकानात असतात तशा लाल कापडी पुठ्ठ्याच्या लांबट. पेन्सिलीनं लिहिलेल्या. सगळं असं:

टॅ. १२ था.
ह. ग्री. मा. डा.
घा. दे. ११
पा. २ पु. उ. चांदवड
पि. ब. ४०० क्रे. वा.
निळा. बघणे.

मी पुण्यात बँकेत नोकरी करतो, मला चौदाचा पाना आणि सोळाचा पाना यातला फरक कळत नाही. कुणाला हे वाचता येतंय का? आणि कुणाच्या घरात किंवा ओळखीत असा माणूस होता का, त्याच्याही आठवणी चालतील. एक नोंद जरा अवघड आहे, ती नंतर विचारेन.

पंचवटीकर

नानांना विनम्र श्रद्धांजली.
घा. दे. ११ डोळे मिटून सांगतो. घाटनदेवी. इगतपुरीच्या पुढे घाट उतरायच्या आधी. गाडी तिथे थांबणार, नारळ किंवा पैसे ठेवणार, मगच खाली. नानांनी ११ रुपये प्रत्येक खेपेला खर्चात धरलेले दिसतायत. पक्का धंदेवाला माणूस, देवीचं पण बिल लावलं :)

स्पॅनर_१४_१५

अंबडला एमआयडीसीत जॉबवर्क करतो, गेलं आयुष्य ऑइलात. ही वही वाचताना मला माझ्याच उस्तादाचं अक्षर बघितल्यासारखं झालं.

टॅ. म्हणजे टॅपेट. था. म्हणजे थाऊ, इंचाचा हजारावा भाग. व्हॉल्व्ह आणि रॉकर यांच्यात किती फट ठेवायची तो आकडा, गाडीगणिक वेगळा. फट कमी झाली तर तापल्यावर व्हॉल्व्ह पूर्ण मिटत नाही आणि जळतो, जास्त झाली तर टक टक टक टक आवाज करत जाणार. ही फट फीलर गेजच्या पत्तीने बघतात. पत्ती आत घातली की ओढताना बोटाला किंचित अडली पाहिजे. किती अडली पाहिजे हे कुठल्या पुस्तकात नाही. माझे उस्ताद नव्या कोऱ्या नोटांचं बंडल हातात द्यायचे (दहाच्या, शंभराच्या नाही) आणि म्हणायचे मधली एक ओढ, हां, एवढंच.

ह. ग्री. मा. डा. = हब ग्रीसिंग, मागचा डावा. पा. २ पु. उ. = पाटा (चाकावरच्या स्प्रिंगची लोखंडी पट्टी) दोन नंबरचा, पुढचा उजवा, चांदवडला तुटला असणार, राहुड घाटात खड्डे होते तेव्हाचं.

निळा. बघणे. हे सगळ्यात भारी आहे. धुराचा रंग. काळा म्हणजे डिझेल जास्त जातंय किंवा हवा कमी पडतेय, पांढरा म्हणजे डिझेल न जळता येतंय किंवा पाणी शिरलंय, निळा म्हणजे इंजिन ऑइल पितंय. एका शब्दात पेशंटची फाइल.

लासलगावचा

पि. ब. ४०० क्रे. वा. : पिंपळगाव बसवंत, टोमॅटो, ४०० क्रेट, वाशी मार्केट. ह्यात काय अवघड आहे शेतकऱ्याला विचारायचं ना :)

आता आठवण. १९९८ ची दिवाळी, कांद्याने दिल्लीचं सरकार पाडलं ते साल. आमच्या वडिलांनी दोघा-तिघांत मिळून दिल्लीला गाडी भरलेली, भाव असा की घरात कुणाला झोप नाही. शिरपूर सोडून पुढे बिजासन घाटात गाडी बसली. क्लच गेला. वडील गाडीबरोबर होते. आता लोकांना वाटतं कांदा म्हणजे दगड, पडून राहील, पण भरलेल्या गाडीत कांदा उभा राहिला की आतून तापतो, गोणीत हात घातला तर गरम वाफ लागते, आणि ताडपत्री पूर्ण आवळली असेल तर घामेजतो आणि मग मोड. वडिलांनी ताडपत्री दोन्ही बाजूंनी सोडून दिली आणि रात्रभर गोण्या वरखाली करत बसले, दिवाळीच्या थंडीत घामाघूम. गाडीचा मालक स्वतःच मिस्त्री होता, तो नाशिकहून येष्टीने क्लच प्लेट खांद्यावर घेऊन आला. सकाळी नवाला पोचला आणि दुपारी गाडी चालू. वडील शेवटपर्यंत सांगायचे की त्या माणसाने आल्यावर पहिलं काय केलं, तर आधी ड्रायव्हरला विचारलं जेवला का, आणि मग वडिलांकडे बघून म्हणाला तुम्ही काय बघताय, पाना धरा.

तो माणूस तुमचे नाना होते का माहीत नाही. असेल नसेल.

मठ्ठ

अक्षर वाचायला फार्मसिस्ट लागेल असं वाटलेलं, इथे फिटर निघाला.

चाकोरी

श्रद्धांजलीच्या धाग्यावर बोलू नये पण बोलतो. वहीवाला, तुमच्या वडिलांबद्दल व्यक्तिशः काही नाही.

माझे वडील ड्रायव्हर होते. २६ वर्षं. वेगवेगळ्या मालकांकडे, त्यातले बरेच असेच, शून्यातून वर आलेले, कष्टाळू, स्वतः गाडीखाली जाणारे. त्या सगळ्यांबद्दल लोक असंच भरून येऊन बोलतात. मालकाचे हात काळे होते म्हणून कौतुक, ड्रायव्हरचा पाठीचा मणका गेला त्याचं कोण बोलणार. १९६१ चा मोटार ट्रान्सपोर्ट वर्कर्स ॲक्ट होता तेव्हा (२०२५ पर्यंत होता), दिवसाला ८ तास, आठवड्याला ४८, पाच माणसं कामाला असली की लागू. सात गाड्या म्हणजे लागू होताच. द्राक्षाच्या सीझनला वडील चार चार दिवस घरी येत नव्हते. पीएफ नाही, ग्रॅच्युइटी नाही. मिळालं काय तर दिवाळीला एक पँटपीस आणि मिठाईचा पुडा.

तुमच्या वहीत ड्रायव्हरची हजेरी आहे का हो? का नुसतेच हब आणि टॅपेट?

पंचवटीकर

चाकोरी, मुद्दा बरोबर असेल पण जागा चुकली राव.

निशिगंध

मला नाही वाटत जागा चुकली. ट्रकवाल्यांवर लिहायचं आणि ड्रायव्हर नको, असं कसं चालेल. माझं सासर मनमाडचं, जानेवारी २०२४ मध्ये हिट अँड रनच्या कायद्यावरून पानेवाडीच्या इंधन डेपोला टँकरवाले थांबले तेव्हा दोन दिवसांत नाशकात पंपांवर रांगा लागल्या होत्या. तेवढ्यापुरता सगळ्यांना ड्रायव्हर आठवला.

वहीवाला

सगळ्यांचे आभार, स्पॅनर तुमचे तर खास. तुम्ही लिहिलेलं आईला वाचून दाखवलं, घाटनदेवीचं ऐकून म्हणाली, घरी देवाला फुलं आणायला पैसे मागितले की दोन रुपये मिळायचे आणि तिकडे अकरा.

चाकोरी, राग नाही. हजेरी आहे, भत्ता आहे, उचल आहे, पीएफ नाही. शोधलं, नाही. आणि नाना सगळ्यांशी गोड होते असंही मी म्हणणार नाही. त्यांचा एक नियम होता, ज्या गिअरमध्ये घाट चढशील त्याच गिअरमध्ये उतरायचा. डिझेल वाचवायला उतारावर न्यूट्रल टाकणारा ड्रायव्हर त्यांना चोरापेक्षा वाईट वाटायचा. ९६ च्या पावसाळ्यात एक गाडी कसाऱ्यात ब्रेक धुरावून डोंगराच्या बाजूला घासून थांबली. माणूस वाचला, माल वाचला. नाना इथून गेले, केबिनमध्ये चढले, तर गिअरची लिव्हर न्यूट्रलला. तिथेच त्या ड्रायव्हरकडून किल्ली घेतली आणि त्याला सांगितलं तू घरी जा. सहा वर्षांचा जुना माणूस. मी तेव्हा चौथीत होतो, आमच्या घरी ही गोष्ट नियम कसा पाळावा म्हणून सांगितली जायची. आज लिहिताना पहिल्यांदाच वाटलं की तो माणूस कसाऱ्याहून घरी कसा गेला असेल.

स्पॅनर_१४_१५

नियम शंभर टक्के बरोबर आहे, नवीन पोरांसाठी सांगतो. भरलेली गाडी उतारावर न्यूट्रल केली की इंजिनाची धरून ठेवायची ताकद गेली, सगळा भार ब्रेकवर. ड्रम तापतो, लायनर (ब्रेकचा घासणारा थर) तापतं, एका हद्दीनंतर लायनर धरतच नाही, नुसतं घासतं. पाय पार खाली जातो आणि गाडी थांबत नाही. तो जळका वास एकदा घेतला की माणूस विसरत नाही. आता एक्झॉस्ट ब्रेक वगैरे आले तरी तत्त्व तेच.

गंगापूर_रोडी

अवांतर: नानांच्या गाड्यांच्या मागे काय लिहिलेलं असायचं? हॉर्न ओके प्लीजवर महाराष्ट्रात २०१५ ला बंदी आली तेव्हा मला खरंच वाईट वाटलेलं. कुणी वाजवत नव्हतं असं थोडंच झालं.

मठ्ठ

माझ्या काकांच्या टाटा ४०७ च्या मागे होतं "आईचा आशीर्वाद", आणि खाली बारीक अक्षरात "हप्ते चालू".

गंगापूर_रोडी

=)) =))

लासलगावचा

आता समृद्धीने जा ना, ७०१ किलोमीटर, जून २०२५ ला पूर्ण झाला, इगतपुरीच्या पुढे बोगद्यातून थेट. कसारा घाट, ब्रेक, देवी काही भानगडच नाही. फक्त टोलची पावती बघून ब्रेक लागतो.

पंचवटीकर

बोगद्यातून गेलं तर मधे मिसळ कुठे खायची ते सांगा आधी.

निशिगंध

धागा मिसळीवर गेला, आता दोनशे प्रतिसाद नक्की. वहीवाला, ती अवघड नोंद राहिली की विचारायची.

वहीवाला

हो, तेच. दोन दिवस लिहू का नको करत होतो.

९१ सालापासून वह्यांमध्ये एक नोंद येते. "बाई ३००". नुसतं एवढंच. महिन्यातून सहा-सात वेळा. पुढे ३५०, मग ४००. ९४ ला ६००, ९५ च्या दिवाळीपर्यंत ९०० झालेत. नाव नाही, गाव नाही. मग एक पान येतं, "बाई माहेरी. ६ दिवस." आणि त्याच्यानंतर "बाई आली. १००." आणि पुन्हा सगळं पहिल्यापासून, १००, १५०, २००.

आईला हे विचारलेलं नाही. बहिणीला फक्त सांगितलं, ती म्हणाली वह्या जाळून टाक.

मठ्ठ

मी काही बोलत नाही.

मठ्ठ

महागाई भत्ता मात्र नियमित दिसतोय.

पंचवटीकर

मठ्ठ, थोडी तरी लाज.

निशिगंध

आधी शांत व्हा आणि हिशोब करा. ९१ साली महिन्यातून सात वेळा ३०० म्हणजे २१०० रुपये. तेव्हा माझ्या वडिलांचा सगळा पगार तेवढा नव्हता. नवीन धंदा, गाडीचे हप्ते, घरी देवाच्या फुलांना दोन रुपये देणारा माणूस हे करणार नाही, मनाने करेल न करेल, खिशाने करणार नाही. गॅरेजवर स्वयंपाकाला बाई असेल तरी ३०० जास्त होतात. हे रुपये नाहीतच माझ्या मते.

लासलगावचा

आणि रुपये असते तर माहेराहून आल्यावर १०० वर कशी आली? कुठली बाई माहेराहून आल्यावर कमी मागते? आमच्याकडे उलट आहे.

गंगापूर_रोडी

ताई डिटेक्टिव्ह आहेत. वहीवाला, आईंना विचारून टाका, चाळीस वर्षं संसार केलाय त्यांनी, त्यांना माहीत नसेल असं काही नसतं.

चाकोरी

थांबा. वहीवाला, एक सांगा, ९१ ला नानांनी मालेगावहून लेलँड कॉमेट घेतली होती का? जुनी, हिरव्या केबिनची?

वहीवाला

हो!! तिसरी गाडी. मालेगावच्याच पार्टीकडून. तुम्हाला कसं माहीत?

चाकोरी

कारण ती बाई आहे.

आत्ताच बाबांशी बोललो, ७४ चे आहेत, कानाला थोडं कमी येतं त्यामुळे ओरडून बोलावं लागलं आणि शेजारच्यांनाही सगळं कळलंय. सकाळी गारठ्यात ती गाडी सुरूच व्हायची नाही, आणि मिस्त्रीशेठ (बाबा त्यांना हेच म्हणायचे, ते तुमचे नाना हे मला आज कळतंय) बॉनेटवर हात ठेवून म्हणायचे चल गं बाई. तेव्हापासून सगळ्या गॅरेजची ती बाई. क्लीनरसुद्धा म्हणायचा, आज बाईवर कोण आहे.

३०० म्हणजे मिली. प्रत्येक खेप करून आली की शेठ डिपस्टिक काढून बघायचे आणि खुणेपर्यंत आणायला किती ऑइल घालावं लागलं ते मापाने मोजून लिहायचे. बाबा म्हणतात मापाचा डबा वेगळा होता, दूधवाल्याकडून आणलेला अर्ध्या लिटरचा, त्याला कुणी हात लावायचा नाही.

माहेर म्हणजे मालेगाव. बोअरला (इंजिनाचे झिजलेले सिलिंडर नीट करायला) तिकडे पाठवली होती, तिथे ओळखीचा बोरिंगवाला होता आणि गाडीही तिथलीच, म्हणून माहेर.

स्पॅनर_१४_१५

अरे देवा. मी इतका वेळ बघतोय आणि मला कळलं नाही, आणि "निळा. बघणे." मीच समजावून सांगितलं वर.

हे असंच असतं. रिंगा आणि बोअर झिजत गेले की ऑइल वर जातं आणि जळतं, खेपेला ३०० मिली, मग ४००, मग ९००. बोअर करून रिंगा बदलल्या की एकदम खाली. पुन्हा झीज, पुन्हा वर. आज ह्याला कंपन्यांत कन्डिशन मॉनिटरिंग म्हणतात, त्याच्यावर कोर्स आहेत आणि मी फी भरून एक केलाय. तुमच्या वडिलांनी दुधाच्या मापाने केलंय. वहीवाला, ते आकडे सगळे टाइप करून टाका इथे, मी आलेख काढतो. खरंच.

निशिगंध

मी म्हटलं होतं, रुपये नाहीत :)

मठ्ठ

नाना, माफ करा. चुकलो.

चाकोरी

एक राहिलं. वर तुम्ही न्यूट्रलची गोष्ट लिहिलीत, ९६ ची. तेव्हा मला शंका आली होती पण असं एकाच माणसाबरोबर थोडंच झालंय म्हणून गप्प बसलो. तो ड्रायव्हर माझे बाबा. कसाऱ्याहून घरी कसे आले विचारत होतात ना, भाजीच्या टेम्पोत मागे बसून आले, पावसात. मी सातवीत होतो.

बाबा आजही सांगतात, न्यूट्रल टाकलं नव्हतं. बाईचा तिसरा गिअर सुटायचा. उतारावर आपोआप उडायचा. ते एका हाताने लिव्हर दाबून धरायचे, कधी ट्यूबची पट्टी बांधून ठेवायचे. त्या दिवशी वळणावर स्टिअरिंगला दोन्ही हात लागले आणि गिअर उडाला, परत बसेना. शेठला आधी दोनदा सांगितलं होतं असं त्यांचं म्हणणं. शेठ म्हणाले सगळे हेच सांगतात.

मला पुरावा नको आहे. फक्त तुमच्या घरी ती गोष्ट जशी सांगतात तशी ती नाही, एवढं.

स्पॅनर_१४_१५

तांत्रिकदृष्ट्या अगदी शक्य आहे, किंबहुना असंच होतं. चढावर इंजिन गाडीला ओढतं, उतारावर गाडी इंजिनाला ढकलते, म्हणजे दातांवरचा दाब उलटा. दात झिजले असतील किंवा खटक्याची स्प्रिंग मेली असेल तर गिअर उतारावरच उडतो. सपाटीला ट्रायल घेतली तर काही सापडणार नाही. आणि उडाल्यावर लिव्हर कुठे दिसणार? न्यूट्रललाच.

पंचवटीकर

चाकोरी, जागा चुकली म्हणालो होतो ते मागे घेतो.

वहीवाला

काल रात्री ९६ ची वही परत काढली. पावसाळ्याच्या आधीपासून एक एक पान बोट लावून वाचलं, यावेळी वाचता येत होतं.

वैशाखातलं पान: "बाई ३०. वा. २५०. ३ रा सु. म्हणतो. बघणे."
त्याच्यानंतर पंधरा दिवसांनी: "बाई. ३ रा. परत. द्राक्ष संपल्यावर."

३ रा सु. म्हणजे तिसरा गिअर सुटतो, असं ड्रायव्हर म्हणतो. द्राक्ष संपल्यावर म्हणजे सीझनचं पैशाचं काम उरकल्यावर गिअरबॉक्स उतरवू, असा अर्थ मी घेतो. (३० बहुतेक टन नाहीत, गोण्याही नाहीत, ते अजून कळलं नाही.) ती "बघणे" ची पुढची नोंद नाही. थेट आषाढात "बाई. कसारा." आणि मग चार पानं कोरी. नानांच्या २३ वह्यांत कोरी पानं फक्त तिथे आहेत.

म्हणजे त्यांना माहीत होतं. केबिनमध्ये चढले तेव्हाही माहीत असणार.

आईला सगळं सांगितलं. बाईचं ऐकून तिला हसू आवरेना, म्हणाली मला काय विचारतोस, मला पहिल्या दिवसापासून माहीत आहे, खंडेनवमीला पान्यांच्या पूजेनंतर तिला साडीचं कापड नेसवायचे बॉनेटवर, माझं जुनं. मग तुमच्या बाबांचं सांगितलं. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, त्या पावसाळ्यात दोन महिने ते स्वतःच गाडी घेऊन वाशीला जायचे, दुसरा ड्रायव्हर ठेवला नाही, मी विचारलं तर म्हणाले मिळत नाही.

चाकोरी, बाबा रविवारी घरी असतात का? मी शनिवारी नाशकात येतोय.

चाकोरी

असतात, कुठे जाणार, मणका.

त्यांना वाचून दाखवलं तुमचं. दोनदा वाचायला लावलं, "म्हणतो" वर थांबले. मग म्हणाले ३० म्हणजे कोबी, ३० डाग (बांधलेले नग), वाशीला तेव्हा कोबीच जायचा वरच्या भरतीला. आणि म्हणाले येताना वही घेऊन ये म्हणावं त्याला, झेरॉक्स नको.

पीएफचं मात्र माझं म्हणणं कायम आहे.

वहीवाला

मान्य. वही आणतो. सिडकोत की नाशिकरोडला?

चाकोरी

नांदूर नाका. पत्ता व्यक्तिगत निरोपात पाठवतो. दुपारी या, सकाळी ते झोपलेले असतात, रात्रीची सवय अजून गेली नाही.